सांकेतिक ताब्याचे घर आणि खरेदीदाराचे पंधरा दिवस

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ‘स्थावर मालमत्तांच्या विक्रीकरिता ई-लिलाव सूचना’ या मथळ्याखाली पाने भरलेली असतात. बहुतेक वाचक ती न वाचताच उलटतात. मी मात्र ती भिंग घेऊन वाचतो, कारण बेचाळीस सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव या नात्याने, अशी सूचना ज्या दारावर डकवली जाते ते दार मी जवळून पाहिलेले आहे. कर्ज थकल्यामुळे बँकेने किंवा गृहवित्त कंपनीने ताब्यात घेतलेले घर थेट त्यांच्याकडून विकत घेतले की ते बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त पडते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु घराविषयी जे माहीत करून घेणे विकणाऱ्या बँकेला एका पत्राने शक्य असते, ते माहीत करून न घेण्यातच तिची सोय राहावी अशी आजची रचना आहे, आणि त्या सोयीची किंमत आधी खरेदीदार व नंतर कर्जदार मोजतो. एवढ्या एकाच मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या संस्थेतील तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदस्याचा व्यवसाय बुडाला आणि गृहकर्जाचे हप्ते थांबले. काही महिन्यांनी एका सकाळी बँकेचे प्राधिकृत अधिकारी, वसुली संस्थेचा एक माणूस आणि हातात कॅमेरा घेतलेला एक मुलगा असे तिघे आले. त्यांनी दारावर गोंदाने कागद चिकटवला, त्याची दोन-तीन छायाचित्रे काढली, जिन्यातच पंचनामा लिहिला आणि पंच म्हणून माझी सही मागितली. मजकुरात ‘सदर मालमत्तेचा ताबा घेण्यात आला’ असे वाक्य होते. मी सही करत असताना त्याच दारामागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ‘ताबा घेतला म्हणजे काय घेतले?’ असे मी विचारल्यावर अधिकारी सौजन्याने म्हणाले, ‘काका, हा सांकेतिक ताबा आहे.’ म्हणजे ताबा कागदावर, घरात माणसे तीच.

पुढे दहा महिन्यांनी त्याच सदनिकेचा लिलाव झाला. घेणारे एक नोकरदार जोडपे होते. मालमत्ता पाहण्यासाठी सूचनेत एका दिवशीची अकरा ते एक अशी वेळ दिली होती. त्या वेळी आतल्या कुटुंबाने दार उघडले नाही, तेव्हा त्यांनी इमारत बाहेरून पाहिली, पहारेकऱ्याकडे चौकशी केली आणि ते परत गेले. बोली त्यांच्या नावावर सुटली, त्यांनी सगळे पैसे भरले, विक्री प्रमाणपत्रही मिळाले. ते घेऊन ती दोघे माझ्याकडे सभासदत्वाचा अर्ज द्यायला आली, तेव्हा मला त्यांच्यापुढे संस्थेची खातेवही उघडावी लागली. देखभाल शुल्काची थकबाकी व्याजासह २ लाख ८६ हजार रुपये होती. गृहनिर्माण संस्थांच्या त्या वेळच्या आदर्श उपविधींप्रमाणे थकीत रकमेवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होते, त्यामुळे ही रक्कम पाहता पाहता फुगली. मालमत्ता कराचीही तीन वर्षांची बाकी होती. आणि घरात अजूनही जुनेच कुटुंब राहत होते, ज्याने कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केलेला होता. प्रत्यक्ष किल्ली हातात पडायला त्या जोडप्याला पैसे भरल्यापासून १९ महिने लागले. तोवर ते राहत्या जागेचे भाडे आणि न मिळालेल्या घराचा हप्ता, असे दोन्ही भरत होते. लिलावाआधी संस्थेकडे थकबाकी किती आहे हे विचारणारे एक ओळीचे पत्रसुद्धा बँकेकडून आले नव्हते. आम्हीही आपण होऊन बँकेला काही कळवले नव्हते, हा दोष मी मान्य करतो.

हे सारे बेकायदा होते का? दुर्दैवाने, फारसे नाही. बँकांना न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार देणारा सरफेसी कायदा २००२ सालचा आहे आणि त्याखालचे अंमलबजावणीचे नियमही त्याच वर्षीचे आहेत. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकून खाते अनुत्पादक ठरले की कलम १३(२) प्रमाणे ६० दिवसांची मागणी नोटीस जाते. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर कलम १३(४) खाली बँक ताबा घेते, म्हणजे बहुतेक वेळा वर सांगितला तसा कागद डकवते आणि सात दिवसांत ताबा सूचना दोन वृत्तपत्रांत छापते. घरातल्या माणसांना प्रत्यक्ष बाहेर काढायचे असेल तर कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. या अर्जावर ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ६० दिवसांत, आदेश व्हावा असे कायदा म्हणतो; पण ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सी. ब्राइट प्रकरणात सांगितले. मुदत उलटल्यामुळे बँकेचा अर्जच बाद होऊ नये म्हणून तसे ठरवणे समजण्यासारखे आहे. तरीही त्याचा व्यवहारातला परिणाम असा की प्रत्यक्ष ताबा कधी मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही.

खरेदीदाराच्या बाबतीत मात्र एकही मुदत मार्गदर्शक नाही. नियम ९ प्रमाणे बोली जिंकल्यावर त्याच दिवशी, किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी, आधी भरलेली इसारा रक्कम धरून किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत भरायचे असतात. बँक लेखी तयार असेल तर ही मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही. सर्वसामान्य माणूस एवढे पैसे कर्ज काढूनच उभे करणार. सांकेतिक ताब्यातील घरावर कर्ज द्यायला दुसरी बँक काचकूच करते, आणि कधी कधी तर विकणारी बँकही करते. मुदत चुकली तर भरलेली रक्कम जप्त होते. पूर्ण २५ टक्के जप्त करणे योग्यच आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात दिला; त्या प्रकरणात मालमत्ता नंतर अधिक किमतीला विकली गेलेली असूनही जप्तीची रक्कम कमी झाली नाही. लिलावात खोट्या बोल्या लावून खेळ करणाऱ्यांना जरब बसावी, हा त्यामागचा हेतू मला पटतो. न पटणारी गोष्ट एवढीच की ज्या विक्रीत खरेदीदाराला पंधरा दिवसांची शिस्त आहे, त्याच विक्रीत घर हवाली करण्याबाबत विक्रेत्याला एकाही दिवसाची शिस्त नाही.

आता थकबाकीकडे येतो. विक्रीच्या सूचनेत बँकेने तिला ‘ज्ञात असलेले’ बोजे, म्हणजे मालमत्तेवर असलेली इतरांची देणी, जाहीर करावेत, असे नियम सांगतो. विक्री प्रमाणपत्रातही मालमत्ता ज्ञात बोजांपासून मुक्त विकली आहे की नाही, एवढेच नमूद होते. सगळी मेख या ‘ज्ञात’ शब्दात आहे. विचारलेच नाही तर कळत नाही, आणि कळले नाही तर छापावे लागत नाही. म्हणून सूचनेतल्या तक्त्यात ‘ज्ञात बोजे : निरंक’ अशी ओळ पुन्हा पुन्हा दिसते. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘बोजे नाहीत’ असा वाटतो. लिहिणाऱ्याला मात्र ‘आम्हाला ठाऊक नाहीत’ एवढेच म्हणायचे असते. जोडीला ‘जसे आहे जेथे आहे’, ‘जसे आहे जे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ असे मंत्र छापलेले असतात. त्यांचा अर्थ काय लागतो हे २०२३ साली के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. आधीच्या मालकाची वीजबिलाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येते का, असा प्रश्न होता. वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असेल तर येते, असे उत्तर मिळाले. मालमत्ता कराचा बोजा तर महापालिका कायद्यानेच वास्तूवर बसतो. संस्थेच्या देखभाल थकबाकीवरून पुढे कितीही वाद घालता आला, तरी पंप, लिफ्ट आणि पहारेकरी यांचा खर्च इतर सभासदांनी तीन वर्षे आपल्या खिशातून भागवलेला असतो, हे सचिव म्हणून मी विसरू शकत नाही. एकच दिलासा असा की, विक्रीकरासारख्या सरकारी देण्यांपेक्षा केंद्रीय नोंदणीत तारणाची नोंद केलेल्या बँकेचे देणे आधी फेडले जाते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे त्या बाजूने येणारी धास्ती बरीच कमी झाली.

घरात भाडेकरू असेल तर प्रश्न आणखी गुंततो. मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ मध्ये असे ठरले की भाडे नियंत्रण कायद्याखालच्या खऱ्या भाडेकरूला केवळ सरफेसीच्या जोरावर हुसकावता येणार नाही. म्हणजे घेणाऱ्याला कर्जदाराबरोबरच त्याचा भाडेकरू कोण, करार कधीचा आणि तो नोंदवलेला आहे का, हेही पाहावे लागते. पण दार न उघडणाऱ्या घरात हे पाहायचे तरी कसे?

या व्यवस्थेत कर्जदाराची दया करायची की खरेदीदाराची, असा पेच पुष्कळांना पडतो. माझ्या मते तो पेचच खोटा आहे. विक्रीतून कर्ज, व्याज आणि खर्च वजा जाऊन जे उरेल ते कर्जदाराला परत मिळावे, असे कलम १३(७) म्हणते, आणि कमी पडले तर उरलेले कर्ज त्याच्याच डोक्यावर राहते. ताबा अनिश्चित आणि थकबाकी अज्ञात असलेल्या घरावर शहाणा माणूस जपूनच बोली लावणार. त्या जपून लावलेल्या बोलीत कमी पडलेला प्रत्येक रुपया शेवटी कर्जदाराच्याच पदरातून जातो. बँकेने चार ठिकाणी पत्रे धाडण्याचे कष्ट वाचवले आणि त्याचा भुर्दंड त्या कुटुंबावर पडला, जे आधीच दारावरचा कागद पाहत जिना चढत होते. त्यातच २०१६ च्या दुरुस्तीने पैसे भरून घर सोडवण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्यापुरताच ठेवला, आणि बाफना मोटर्स प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. घेणाऱ्याला त्यामुळे स्थैर्य आले हे चांगलेच झाले. पण याचा अर्थ असाही होतो की आपल्या वृत्तपत्रात छापलेली सूचना ही कर्जदारासाठी दार बंद झाल्याची खूण असते. एवढे वजन असलेला मजकूर कसा लिहावा, याकडे मी पुढे येतोच.

त्याआधी थेट खरेदीविषयी थोडे. लिलाव न करता बँकेने मालमत्ता खासगी कराराने विकणे, ज्याला बँकेतले लोक ‘प्रायव्हेट ट्रीटी’ म्हणतात, हा मार्ग नियम ८ मध्येच दिलेला आहे. एक-दोन लिलावांना प्रतिसाद मिळाला नाही की बँका त्याकडे वळतात. ‘आतून सेटिंग लावून देतो’ म्हणणारे दलाल याच टप्प्यावर उगवतात, म्हणून ही विक्रीच संशयास्पद आहे असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही. मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल घेऊन राखीव किंमत, म्हणजे विक्रीची किमान किंमत, ठरवणे इथेही बंधनकारक आहे. लिलावात राखीव किंमत आली नाही म्हणून त्याहून कमी किमतीत विकायचे असेल, तर बँकेबरोबर कर्जदाराचीही संमती लागते. दलालाच्या कानगोष्टींनी ते काम होत नाही. संमतीचा कागद दाखवा म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याला एक रुपयाही देऊ नये. उलट, या मार्गाचा एक मोठा गुण फार कमी लोकांच्या लक्षात येतो. लिलावात अटी छापील असतात आणि बोली लावणाऱ्याने त्या मुकाट मान्य करायच्या असतात. खासगी करारात मात्र अटी दोन्ही बाजूंनी लेखी ठरवायच्या असतात, असे नियमच सांगतो. तेव्हा प्रत्यक्ष ताबा मिळाल्यावरच शेवटचा हप्ता देईन, किंवा संस्थेची आणि महापालिकेची बाकी किमतीतून वळती करा, असे म्हणायला तिथे वाव असतो. माणसे किमतीत लाख-दोन लाख कमी करून घेण्यासाठी घासाघीस करतात आणि ताब्याच्या अटीवर डोळे मिटून सही करतात. घासाघीस करायची ती ताब्यावर करावी, असे मी भेटेल त्याला सांगतो.

सर्वांनाच असा वाव मिळत नाही आणि लिलाव हाच मुख्य मार्ग राहणार, म्हणून रचनेत बदल व्हायला हवा. रिझर्व्ह बँकेने मनात आणले तर हे अवघड नाही. कर्ज फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत केले नाहीत आणि तो उशीर बँकेमुळे झाला असेल, तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा आदेश तिने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला. त्याच महिन्यात, सरफेसीखाली ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी संकेतस्थळावर लावण्याचेही तिने बँकांना सांगितले. कागद परत करायला उशीर झाला तर दिवसाचा दंड आहे. मग पूर्ण किंमत घेऊनही घर हवाली करायला उशीर झाला तर तो का नसावा? सांकेतिक ताब्यावर विक्री करायचीच असेल तर खरेदीदाराचे ७५ टक्के प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत व्याज देणाऱ्या ठेवीत ठेवावेत, किंवा प्रत्यक्ष ताबा मिळाल्यावरच पंधरा दिवसांची गणना सुरू व्हावी. आणि ‘ज्ञात’ या शब्दाच्या जागी ‘चौकशीअंती आढळलेले’ असे शब्द यावेत, म्हणजे गृहनिर्माण संस्था, महापालिका आणि वीज कंपनी यांना लेखी विचारल्याशिवाय आणि त्यांची उत्तरे सूचनेत छापल्याशिवाय विक्री पुढे जाणार नाही. संस्थांनीही पंधरा दिवसांत उत्तर दिले नाही तर त्यांना नंतर घेणाऱ्याकडे मागणी करता येऊ नये; आमच्यासारख्या सुस्त सचिवांना त्याने जाग येईल.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारी बँकांच्या लिलावांसाठी बँकनेट हे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले. घरबसल्या फोटो, नकाशा, राखीव किंमत असे सारे तिथे पाहता येते, ही सोय नाकारता येणार नाही. पण बोली लावणे जितके सोपे होत जाईल तितके अजाण लोक अधिक येतील, आणि बंद दाराचा फोटो कितीही स्पष्ट निघाला तरी दारामागे कोण आहे ते त्यात दिसत नाही.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. विक्रीची सूचना दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यावी आणि त्यांतील एक स्थानिक भाषेतले असावे, असे नियम सांगतो, ते सामान्य माणसाला कळावे म्हणूनच. प्रत्यक्षात जे मराठी छापून येते ते ‘ज्याअर्थी निम्नस्वाक्षरीकार हे प्रतिभूत धनकोंचे प्राधिकृत अधिकारी असून’ असे सुरू होते आणि दहा ओळींनंतर कुठेतरी क्रियापद सापडते. मी पदवीधर आहे, चाळीस वर्षे कार्यालयात टिपणे लिहिली आहेत, तरी एक सूचना मला तीनदा वाचावी लागते. मजकूर जाहिरातदाराचा असतो, त्याची जबाबदारी आपल्यावर नाही, हे मी जाणतो. तरीही जाहिरात स्वीकारताना दोन गोष्टींचा आग्रह आपण धरू शकता. ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष, हे तक्त्याच्या पहिल्याच रकान्यात ठळक टाइपात यावे. आणि ‘ज्ञात बोजे : निरंक’ असे छापायचे असल्यास, कोणाकडे चौकशी केली होती हे पुढच्याच ओळीत यावे, केलीच नसेल तर ‘चौकशी केलेली नाही’ असे स्वच्छ मराठीत यावे.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव